हर्क्युलिसचे पाप

दिवाळीचे चार दिवस कुरुंद्याला मामांच्या घरी काढायचे, हा आमच्याकडचा जुना रिवाज आहे. मामा आता राहिले नाहीत. मामी आहेत, वय ऐंशीच्या पुढे, दृष्टी अधू, पण कान आणि जीभ शाबूत. गाव वसमत तालुक्यातले, हळदीच्या मुलखातले. जवळच टोकाईचा डोंगर. वाचकांपैकी पुष्कळांना गाव ठाऊक नसले तरी नाव ओळखीचे वाटेल, ते नरहर कुरुंदकरांमुळे. त्यांच्या आडनावातच हे गाव आहे. महाभारतावर ज्यांनी आयुष्यभर विचार केला आणि ज्यांचे त्या विषयावरील लेखन ‘व्यासांचे शिल्प’ या नावाने पुस्तकरूपात आले, त्यांच्या मूळ गावी मी पुढची गोष्ट ऐकली, हा एक योगायोगच म्हणायचा.

मामींचा चातुर्मासाचा नेम असतो. श्रीधरस्वामींचा ‘पांडवप्रताप’ त्या रोज थोडा थोडा वाचून घेतात. ‘वाचून घेतात’ एवढ्यासाठी म्हटले की आता त्यांना स्वतःला अक्षर लागत नाही. घरात जो सापडेल त्याला त्या पोथीसमोर बसवतात. त्या दिवशी मी सापडलो होतो. अध्याय संपला, तेव्हा शेजारी माझी आठ वर्षांची नात मोबाईलवर एक चित्रपट पाहत होती. डिस्ने कंपनीचा ‘हर्क्युलिस’, १९९७ सालचा. भाषा इंग्रजी, तेव्हा मामींना काही कळेना. त्या तिला म्हणाल्या, “काय बघायलीस ग? मला तरी सांग.”

नात पुण्याच्या शाळेतली. तिने मोठ्या उत्साहाने भाषांतराचे काम अंगावर घेतले. हा देवाचा मुलगा आहे, फार शक्तिमान आहे, हा आता नऊ तोंडांचा साप मारणार, मग सिंह, मग आणखी कोणी. मामी ऐकत होत्या. “म्हणजे आपला भीमच की!” त्या म्हणाल्या. मग थोडे थांबून विचारले, “पण याच्या हातून पाप काय झालं होतं? काहून इतकं सगळं करायला लावलंय त्याला?”

“पाप नाही काही, आजी. त्याला हीरो व्हायचंय.”

“उगीच?” मामी म्हणाल्या.

या एका शब्दाने मी चपापलो. मामींनी ग्रीसचे नावही फारसे ऐकलेले नसेल. परंतु चौसष्ट अध्यायांची पोथी वर्षानुवर्षे ऐकलेल्या त्या बाईला, गोष्टीतून काहीतरी काढून घेतलेले आहे हे बरोबर कळले. जणू भाजीत मीठ नाही हे नुसत्या वासावरून ओळखावे!

मूळ ग्रीक कथा अशी. हेराक्लीस (हर्क्युलिस हे त्याचे रोमन नाव) हा देवराज झ्यूसचा मुलगा. पण झ्यूसची राणी हेरा ही त्याची आई नव्हे. अल्कमीनी नावाच्या मानवी स्त्रीकडे झ्यूस तिच्या नवऱ्याचे रूप घेऊन गेला. इंद्र गौतमाचे रूप घेऊन अहल्येकडे गेला, तसाच हा प्रकार. साहजिकच हेरेने त्या मुलावर जन्मभर दावा धरला. पाळण्यात दोन साप सोडले. बाळाने ते मुठीत आवळून मारले. आपल्याला लगेच पूतना आठवते. पुढे तो मोठा झाला, मेगारा नावाच्या राजकन्येशी त्याचे लग्न झाले, मुले झाली. मग हेरेने त्याला वेडाचा झटका आणला आणि त्या वेडात त्याने स्वतःच्या हाताने स्वतःची मुले मारली. शुद्धीवर आल्यावर त्याने डेल्फीला जाऊन कौल मागितला. त्या कौलाप्रमाणे युरिस्थियस नावाच्या एका हलक्या मनाच्या राजाची चाकरी करत त्याला बारा अवघड कामे करावी लागली. सिंह, नऊ तोंडांचा सर्प, वर्षानुवर्षे न झाडलेला राजाचा गोठा, सरतेशेवटी पाताळाचा राखणदार कुत्रा. मामींचा प्रश्न अगदी नेमका होता. ते पराक्रम नव्हतेच. ते प्रायश्चित्त होते.

चित्रपटात काय होते? हेरा ही त्याची सख्खी, प्रेमळ आई आहे. दावा धरणारा खलनायक पाताळाचा राजा हेडीस. वस्तुतः ग्रीकांचा हेडीस आपल्या यमासारखा, कठोर पण आपल्या कामाशी इमानी. बेलेरोफॉनचा पंखांचा घोडा याच्या दाराशी बांधला आहे. फिलोक्टेटिस नावाच्या थोर तिरंदाजाला बकऱ्याचे पाय फुटून तो तालीममास्तर झाला आहे. मेगारा आहे, पण मुले नाहीत. आणि ती नाहीत म्हणून वेड नाही, हत्या नाही, पश्चात्ताप नाही. उरतो तो बलदंड, भोळा, देखणा पोरगा, ज्याला नामांकित व्हायचे आहे. ग्रीक वृत्तपत्रांनी तेव्हा या चित्रपटावर टीका केली ती उगाच नव्हे.

न्यायाची गोष्ट ही की चित्रपट टाकाऊ नाही. नायक शेवटी मेगारासाठी स्वतःचा प्राण द्यायला तयार होतो आणि मिळालेले देवपणही सोडतो. नात तिथे रडली. खरे सांगायचे तर माझाही घसा दाटला. तेव्हा ‘परकीयांनी पुराणाची विटंबना केली’ असा नेहमीचा सूर मी लावणार नाही. तो सूर लावण्याचा आपल्याला फारसा अधिकारही नाही.

कारण कथा बदलण्यात आपल्याइतके तरबेज कोण आहे? पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. डॉ. सुकथनकर आणि त्यांच्यामागून आलेल्या पंडितांनी देशभरच्या हस्तलिखितांचे ताडन करून १९६६ साली ते काम पुरे केले. त्यात काय निघाले? व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेतो आहे, हा आपल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असलेला प्रसंग मूळ संहितेतून बाहेर परिशिष्टात गेला. ‘मी सूतपुत्राला वरणार नाही’ असे द्रौपदीने भर स्वयंवरात कर्णाला ऐकवले, तेही मुख्य संहितेत टिकले नाही. रामायणात पाहावे, तर लक्ष्मणरेषा वाल्मीकींची नव्हे. अहल्येची शिळाही नव्हे. वाल्मीकींची अहल्या कोणाला न दिसता, वाऱ्यावर जगत, राखेत पडून तप करते.

फार लांब कशाला, कुरुंद्याहून औंढा नागनाथ दूर नाही. तिथले देऊळ वनवासात धर्मराजाने बांधले असे तिथे सांगतात. त्याच देवळात नामदेवांना दारासमोर कीर्तन करू दिले नाही, ते मागे जाऊन उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, असेही सांगतात. पुरावा म्हणून मागच्या बाजूचा नंदी दाखवतात. नाशिकची बौद्ध लेणी आपण पांडवांच्या नावावर केव्हाच चढवून टाकली. हे सारे खोटे म्हणून कोणी रागावत नाही. मीही नाही.

आणि या मोकळिकीतून केवढे मोठे काही निघू शकते, ते पाहायचे असेल तर जांभूळ आख्यान ऐकावे. शाहीर विठ्ठल उमपांनी ते रंगमंचावर गाजवले. पाच पतींची द्रौपदी मनातून कर्णावर लुब्ध होते आणि झाडावरून पडलेले जांभूळ पुन्हा देठाला लागायचे तर तिला ते मनातले बोलून दाखवावे लागते. व्यासांनी यातले अक्षर लिहिलेले नाही. परंतु त्या लोककवीने द्रौपदीचे ओझे हलके केले नाही, उलट वाढवले. पतिव्रता म्हणून जिला हात जोडले, तिच्याकडून त्याने कबुली घेतली.

ग्रीकांकडेही असा एक धीट माणूस होऊन गेला. युरिपिडीस या नाटककाराने हेराक्लीसवर नाटक लिहिताना कथेचा क्रमच उलटा केला. त्याच्या नाटकात बारा कामे आधी होतात. नायक विजयी होऊन घरी येतो, बायकामुलांचा जीव वाचवतो, आणि मग त्याला वेड लागते. म्हणजे प्रायश्चित्त करून पाप फेडण्याचीही सोय त्याने ठेवली नाही. उरतो तो एक मित्र, थिसियस. तो त्या रक्ताने माखलेल्या माणसाचा हात धरून त्याला आपल्या गावी नेतो. प्रायश्चित्ताची कथा बदलून त्याने मैत्रीची केली. डिस्नेपेक्षा हे स्वातंत्र्य काही लहान नाही. पण मेलेली मुले त्याने रंगमंचावरून पळवली नाहीत.

मुलांसाठी म्हणून जे केले जाते, तिथेच बहुधा घोटाळा होतो. त्यांना दुःख सोसणार नाही, असे आपण धरून चालतो. दादासाहेब फाळक्यांनी असे धरले नव्हते. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. राज्य गेले, बायको विकली गेली, रोहिदास गेला, हे सगळे त्या चित्रपटाच्या कथेत आहे. आणि रोहिदासाचे काम फाळक्यांनी आपल्या स्वतःच्या मुलाला, भालचंद्राला दिले होते. पुढे ‘कालियामर्दन’मध्ये (१९१९) कृष्ण झाली ती त्यांची मुलगी मंदाकिनी. घरचीच मुले पडद्यावर, आणि समोर बसलेलीही मुले.

आपल्याकडच्या अलीकडच्या चित्रांचे मात्र हर्क्युलिससारखेच झाले आहे. ‘छोटा भीम’ २००८ पासून मुलांच्या गळ्यातला ताईत आहे. तो ढोलकपूरचा, लाडू खाणारा. महाभारताचा भीम आपण नाही, हे तो प्रामाणिकपणे सांगतो; त्याच्याशी माझे भांडण नाही. ‘हनुमान’ (२००५) पाहून मुले खूश झाली. त्याच्या पुढच्या भागात हनुमान शाळकरी पोर होऊन जन्मला, ठीक आहे. युगो साको आणि आपले राम मोहन यांनी जपानच्या साहाय्याने केलेले रामायण मला या सर्वांत चांगले वाटते. तेही राज्याभिषेकाशी थांबते. पण कीर्तनकारही पुष्कळदा तिथेच थांबतात. थांबणे वेगळे, आणि घडलेच नाही असे म्हणणे वेगळे.

ते असो. मामींच्या ‘उगीच?’ला उत्तर द्यायचे राहिले होते. नातही आता माझ्याकडे पाहू लागली. “आबा, खरंच त्याने पाप केलं होतं?”

मी सुनेकडे पाहिले. ती हळूच म्हणाली, “बाबा, आता रात्रीचं नको. तिला झोप लागायची नाही.”

“श्रावणबाळ सांगितला तेव्हा लागली होती की,” मामी म्हणाल्या. “म्हातारी आंधळी मायबापं पाणी पाणी करत मेली. ते चालतं होय?”

सून हसली. मग ओट्यावर, पणत्यांतले तेल संपत आले असताना, मी ती गोष्ट सांगितली. काही गाळले नाही. वर्णनही केले नाही. नात गप्प होती. शेवटी तिने एवढेच विचारले की त्या मुलांची नावे काय होती. एका जुन्या ग्रंथात तीन नावे सापडतात: थेरिमाखस, क्रिऑन्टियाडीस, डेइकून. तिने ती दोनदा म्हणून घेतली. रात्री झोप लागली. मी दोनदा उठून पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात ती शेजारच्या मुलांना हर्क्युलिस सांगत होती. गोठा झाला, साप झाला, आणि ती पाताळातल्या कुत्र्याशी आली. “आणि तिथे ना,” ती म्हणाली, “त्याला त्याची तिन्ही मुलं भेटली. त्याने त्यांना सॉरी म्हटलं. मग मुलांनीच त्याला कुत्रा धरून दिला.”

हे कोणत्याही ग्रीक ग्रंथात नाही. मामी आत जात्यापाशी बसून ऐकत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, आणि मी अंगणात गेलो नाही.