खडखड काढण्याची विद्या

टामियाच्या टीटी-02 या रिमोटच्या गाडीचं खोकं उघडलं की आत गाडी सापडत नाही. सापडतात सांगाड्याला चिकटलेले काळे प्लास्टिकचे भाग, अक्षरं छापलेल्या स्क्रूच्या पिशव्या, ग्रीसची छोटी ट्यूब, पारदर्शक पॉलिकार्बोनेटची बॉडी आणि एक सूचनापुस्तिका. या पुस्तिकेत प्रत्येक स्क्रू खऱ्या मापाचा छापलेला असतो. हातातला स्क्रू चित्रावर आडवा ठेवायचा, जुळला तरच लावायचा. एकही वाक्य न वाचता दहा वर्षांचं पोर गाडी जुळवू शकेल इतकी ती पुस्तिका नीट केलेली आहे. यंत्राबद्दलचा आदर मला तिथून शिकायला मिळाला.

ही गाडी खऱ्या टूरिंग कारच्या एकदशांश मापाची. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 257 मिलिमीटर. चॅसिस म्हणजे प्लास्टिकची एक उथळ पेटी. तिच्या मध्यातून एक दांडा पुढून मागे जातो आणि चारही चाकांना ताकद पोचवतो. एका अंगाला बॅटरी, दुसऱ्या अंगाला मोटर. पट्टे कुठेही नाहीत, सगळी गिअरची कामं, तीही झाकलेली. म्हणून अंगणातली माती, पार्किंगमधली वाळू ही गाडी पचवते, आणि म्हणूनच नवशिक्यांच्या हातात पहिल्यांदा अनेकदा हीच गाडी दिली जाते.

टामिया ही जपानच्या शिझुओका शहरातली कंपनी. 1946 साली लाकडाच्या व्यापारात सुरू झालेली, पुढे लाकडी आणि मग प्लास्टिकच्या प्रतिकृतींकडे वळलेली. 1976 मध्ये त्यांनी पोर्शे 934 ची एकद्वादशांश मापाची प्रतिकृती काढली. तिच्यासाठी शुनसाकु टामिया यांनी खरी पोर्शे 911 विकत घेऊन सुटी करून पाहिली होती. त्याच प्रतिकृतीला त्याच वर्षी रेडिओ बसला आणि टामियाच्या रिमोटच्या गाड्यांची परंपरा सुरू झाली. 1991 मध्ये टीए01 ही चार चाकं ओढणारी टूरिंग गाडी आली, 2003 मध्ये टीटी-01, आणि 2013 मध्ये आपली टीटी-02.

माझी पहिली चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. किटमधली रुपेरी डब्याची 540 मोटर सौम्य असते, म्हणून मी आधी तीच काढली आणि दुप्पट वेगाची ब्रशलेस बसवली. गाडी सरळ रेषेत पळाली खरी, पण पहिल्या वळणावर नाक बाहेर गेलं, दुसऱ्यावर शेपूट सुटली, आणि तिसऱ्या रविवारी स्पर या मोठ्या गिअरचे दात साफ झाले. गाडीत जो ढिलेपणा आधी झोपलेला होता तो मोटरने जागा केला होता. शर्यतीत वेळ मिळतो तो लागोपाठ दहा फेऱ्या एकसारख्या काढण्यातून, आणि ढिली गाडी दोन फेऱ्याही सारख्या काढू देत नाही. पुढची दोन वर्षं मी मोटरला हात लावला नाही.

सुरुवात बेअरिंगपासून. किटमध्ये जिथे फिरते दांडे टेकतात तिथे बहुतेक ठिकाणी साध्या कड्या, म्हणजे बुश, असतात. त्यांत धूळ शिरली की भोक झिजतं, चाक डुगडुगतं, चाक डुगडुगलं की त्याचा कोन प्रत्येक वळणावर बदलतो. मग कॅम्बर म्हणजे चाकाचा झुकाव, टो म्हणजे त्याची दिशा, वगैरे कितीही काळजीने मोजा, ते मोजमाप टेबलावरच राहतं. त्या जागी 1150 मापाचं बॉल बेअरिंग बसतं: बाहेरून 11 मिलिमीटर, आतून 5, जाडी 4. पूर्ण संच बसवल्यावर गाडी उलटी धरून चाकाला टिचकी मारा. आधी जे चाक अर्ध्या फेऱ्यात थांबायचं ते आता फिरत राहतं. तेवढी ताकद मोटरला फुकट परत मिळाली, शिवाय बॅटरीही जास्त टिकते.

इथेच एक हत्याराची गोष्ट सांगायला हवी. या गाडीचे स्क्रू दिसतात साध्या फुलीचे, पण ते जपानी मानकाचे असतात. आपल्या दुकानात मिळणारा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर त्यात पुरता बसत नाही, जोर लावला की वर सरकतो आणि फुलीचा खळगा होतो. जपानी मापाचा एक चांगला ड्रायव्हर घ्या. प्लास्टिकमध्ये स्क्रू परत लावताना आधी उलटा फिरवा, जुन्या आट्यात तो टक्कन बसल्याचं बोटाला कळतं, मग आवळा. नाहीतर प्रत्येक वेळी नवा आटा पडतो आणि चौथ्या वेळी भोकच उरत नाही.

मग बाकीची खडखड. गॅरेजवाले ज्याला ‘प्ले’ म्हणतात तो स्टिअरिंगच्या जोडांत सगळ्यात जास्त असतो. पुढची दोन्ही चाकं हातात धरून हलवून पाहा, चाकं वळवणारा सर्व्हो जागचा न हलता चाकं किती सरकतात ते कळेल. सरळ रस्त्यावर गाडी दारू प्यायल्यासारखी डुलते ती यामुळे. अॅल्युमिनियमचा स्टिअरिंग संच हा दोष बराच काढतो. मधला दांडाही धातूचा घ्यावा, कारण प्लास्टिकचा दांडा वेग वाढला की थरथरतो. बाकी चकाकणारे निळे भाग थांबू शकतात. अॅल्युमिनियमचे सस्पेन्शन आर्म तर घेऊच नयेत असं माझं ठाम मत आहे. कठड्यावर आपटल्यावर प्लास्टिकचा आर्म वाकून परत येतो, धातूचा आर्म तो धक्का चॅसिसपर्यंत पोचवतो आणि महाग भाग मोडतो.

माझा सगळ्यात जास्त जीव शॉकमध्ये आहे. बऱ्याच टीटी-02 किटमध्ये तेल नसलेले, नुसत्या घर्षणावर चालणारे शॉक येतात. ते बदलून तेलाचे बसवले की ती जणू दुसरीच गाडी होते. शॉकमध्ये सिलिकॉनचं तेल, त्यात भोकं पाडलेला छोटा पिस्टन. चाक वर उचललं गेलं की तेल त्या भोकांतून पलीकडे जातं आणि स्प्रिंगची उसळी मारली जाते. भरताना घाई केली तर तेलात बुडबुडे राहतात, आणि बुडबुडा दाबला जात असल्यामुळे तेवढ्या हालचालीपुरता शॉक निरुपयोगी ठरतो. म्हणून तेल काठोकाठ भरून, पिस्टन सावकाश वरखाली करून, शॉक उभे ठेवून द्यायचे. मी ते रात्रभर स्वयंपाकघरातल्या ग्लासात उभे ठेवतो. चारही शॉक एकत्र हातात घेऊन दाबले तर सारख्या गतीने परत यायला हवेत. तापलं की तेल पातळ होतं. आमच्याकडे पुण्यात एप्रिलच्या दुपारी बॅडमिंटन कोर्टाच्या सिमेंटवर जी गाडी मऊ पडते, तीच डिसेंबरच्या सकाळी लाकडासारखी ताठ वागते. एप्रिलसाठी मी एक पायरी घट्ट तेल भरतो.

डिफरन्शियलचं गणितही घट्टपणाचंच आहे. या गाडीत पुढे एक आणि मागे एक डिफ आहे, मध्ये नाही, म्हणजे पुढचा आणि मागचा अॅक्सल कायम सारखेच फिरतात. वळणात आतलं आणि बाहेरचं चाक किती मोकळेपणी वेगळं फिरेल हे डिफच्या आतल्या ग्रीसवर ठरतं. किटचा डिफ तेलासाठी सीलबंद नसतो, पातळ तेल भरलं तर गळतं, म्हणून जाड चिकट ग्रीस भरतात. पुढचा डिफ घट्ट, मागचा मोकळा, इथून सुरुवात करावी. वळणातून बाहेर पडताना गाडी पुढून ओढली जाते आणि शेपूट शांत राहते.

कोनांसाठी आधी वरचे आर्म लांबी बदलता येणारे हवेत. टर्नबकल नावाच्या सळीला एका टोकाला उजवा आटा, दुसऱ्याला डावा, त्यामुळे न सोडवता नुसती फिरवून लांबी बदलते. चाकाचं डोकं एक ते दोन अंश आत झुकवायचं, मागची दोन्ही चाकं किंचित आत बघणारी ठेवायची. चॅसिस जमिनीपासून किती उंच, हे ट्रॅक सांगतो: गुळगुळीत कार्पेटवर पाच-साडेपाच मिलिमीटर चालतात, आमच्या सिमेंटच्या सांध्यांवर तेवढ्याने तळ घासतो. या सगळ्याआधी एक परीक्षा घ्या. सपाट काचेवर गाडी ठेवून, चॅसिसच्या पुढच्या कडेच्या बरोबर मध्याखाली सुरीचं टोक घालून हळूच उचला. दोन्ही चाकं एकदम सुटायला हवीत. एक आधी सुटलं तर कुठेतरी पीळ आहे, आणि पिळलेली गाडी डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरं बोलते.

गिअरिंग कागदावर काढता येतं. किटमध्ये मोटरवर 22 दातांचा पिनियन आणि त्याला जुळणारा 70 दातांचा स्पर असतो, पुढे आतलं प्रमाण 2.6. म्हणजे 70 भागिले 22, गुणिले 2.6, उत्तर 8.27. मोटर सव्वाआठ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरतं. मोटर मिनिटाला पंधरा हजार फेरे घेते आणि चाकाचा व्यास 63 मिलिमीटर आहे असं धरलं तर ताशी साडेएकवीस किलोमीटर येतात. स्पर 68 आणि पिनियन 25 लावले की प्रमाण 7.07 होतं आणि त्याच रुपेरी मोटरवर कागदोपत्री वेग पंचवीसवर जातो. पिनियन वाढवताना दर वेळी एकच दात, आणि दर वेळी पाच मिनिटांनी मोटर किती तापली ते पाहायचं. पिनियन मोठा झाला की मोटरवर भार वाढतो, आणि तो भार आधी उष्णतेतून दिसतो.

मोठ्या स्पर्धांत अनेक वर्गांमध्ये सगळ्यांना सारख्याच टर्नची, म्हणजे तारेच्या सारख्याच वेढ्यांची, मोटर असते आणि कंट्रोलरमधलं वेग वाढवणारं जादा टायमिंग बंद असतं. जर्मनीचा मार्क राइनहार्ड 2004, 2008 आणि 2010 असा तीनदा इलेक्ट्रिक टूरिंग गाड्यांचा जगज्जेता झाला, तोही टामियाच्याच, अर्थात कितीतरी वरच्या दर्जाच्या गाड्यांवर. पण तिथेही पिटमध्ये चालतं ते हेच: स्प्रिंग, तेल, टायर, उंची.

टायर हा जमिनीला लागणारा एकमेव भाग, त्यामुळे नवे टायर आणि जुने टायर यांची तुलना करून सेटिंग बदलू नका, फसाल. एका वेळी एकच बदल करा, वहीत लिहा, पाच फेऱ्या मारा, मग पुढचा. आणि लिथियम पॉलिमर बॅटरी नजरेआड चार्ज करू नका. एका सेलचा पूर्ण चार्ज 4.2 व्होल्ट, ठेवून द्यायची असेल तर 3.8.

किट मागवणार असाल तर बेअरिंगचा संच त्याच पार्सलमध्ये मागवा. गाडी एकदा जुळवली की आतले बुश काढायला गिअरबॉक्ससकट सगळी परत उघडावी लागते.