पहिल्या सापाची पेटी
(लेखमाला : घरातील प्राणी, लेखांक 9)

कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी साप. न्यू जर्सीपासून खाली फ्लोरिडापर्यंत आणि पश्चिमेला लुईझियानापर्यंत पाइनच्या रानांत, शेतांच्या कडेला, जुन्या कोठारांत तो आढळतो. अंड्यातून बाहेर पडतो तेव्हा त्याची लांबी 20 ते 30 सेंटीमीटर असते आणि जाडी पेन्सिलीपेक्षाही कमी. पूर्ण वाढलेला साप बहुधा 90 ते 150 सेंटीमीटर भरतो. स्वभाव शांत, भूक चांगली आणि आकार बेताचा, त्यामुळे अमेरिका आणि ब्रिटनमध्ये मुलाचा पहिला साप म्हणून बऱ्याचदा हाच घरी येतो. नीट सांभाळला तर तो 15 ते 20 वर्षे जगतो. म्हणजे दहा वर्षांच्या मुलासाठी आणलेला साप ते मूल शिकून नोकरीला लागले तरी त्याच घरात असू शकतो. साप मुलाचा म्हणवला, तरी पेटी आईवडिलांचीच जबाबदारी असते. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2006 च्या प्राणी कल्याण कायद्याने सोळा वर्षांखालील मुलाला कोणताही प्राणी विकण्यास मनाई आहे, तीही याच विचाराने.

साप पाळण्याची मुभा सगळीकडे सारखी नाही. न्यूझीलंडमध्ये आणि अमेरिकेतल्याच हवाई राज्यात घरी साप ठेवता येत नाही. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे धामण, दिवड, नाग, अजगर असे इथले साप पकडून घरात ठेवणे हा गुन्हा आहे. परसात सापडलेले धामणीचे पिल्लू मुलाच्या हौसेखातर बरणीत ठेवणेही त्यातच आले. काही परदेशी जाती भारतात पाळल्या जातात; त्यांपैकी आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या जातींची, उदाहरणार्थ बॉल पायथनची, नोंदणी 2022 च्या दुरुस्तीनंतर बंधनकारक झाली आहे. पुढील विवेचन जिथे कॉर्न स्नेक पाळणे रीतसर आहे तिथल्या घरांसाठी आहे, आणि अशा घरांत आता मराठी घरेही पुष्कळ आहेत.

सापाला मोठी जागा मानवत नाही, तो घाबरतो, हा समज बरीच वर्षे चालला. लांबीच्या निम्म्या पेटीत वेटोळे घालून बसलेला साप सुखी समजला जाई. खरे पाहता पिल्लू घाबरते ते उघड्यावर पडल्यामुळे. आडोसे भरपूर असतील तर मोठी पेटी त्याला त्रास देत नाही. साप अंग सरळ ताणून पसरू शकला पाहिजे, असे आता पशुवैद्यक आणि प्राणी कल्याण संस्था सांगतात. त्या हिशेबाने मोठ्या कॉर्न स्नेकला 120 सेंटीमीटर लांब, 60 रुंद आणि 60 उंच पेटी हे किमान माप धरावे. साप त्याहून लांब झाला तर पेटीही लांब हवी. उंचीला महत्त्व आहे, कारण हा साप झाडावर सहज चढतो आणि पेटीत पक्की बसवलेली आडवी फांदी असली तर रात्री तिच्यावर हमखास दिसतो. पिल्लासाठी सुरुवातीला 60 ते 75 सेंटीमीटरची पेटी घेणे मात्र मुलाच्या दृष्टीने सोयीचे पडते. मोठ्या पेटीत पेन्सिलीहून बारीक पिल्लू शोधण्यासाठी रोज सगळे सामान उपसावे लागले, तर पिल्लूही हैराण होते आणि मूलही.

पेट्या साधारण तीन प्रकारच्या मिळतात. काचेची टाकी आणि वर जाळीचे झाकण हा अमेरिकेतला जुना प्रकार. ती स्वस्त असते, पण ऊब आणि ओलावा जाळीतून निघून जातो. ब्रिटनमध्ये लाकडी पेटी आणि पुढे सरकत्या काचा हा प्रकार रुळलेला आहे. पीव्हीसीच्या पेट्या हलक्या असतात, ऊब धरतात आणि पुसायला सोप्या पडतात, मात्र महाग असतात. मुलासाठी घेताना पुढून उघडणारी पेटी निवडावी. वरून खाली येणारा हात पिल्लाला ससाण्यासारखा भासतो आणि ते दचकून चावते किंवा पळ काढते. समोरून, जमिनीलगत आलेल्या हाताची भीती त्याला कमी वाटते.

पेटीत सर्वांत आधी तपासायची ती फट. जिथे डोके शिरते तिथून सापाचे उरलेले अंगही निघते, आणि पिल्लाचे डोके फार लहान असते. सरकत्या काचा एकमेकींवर येतात तिथली उभी फट, ऊब देणाऱ्या हीट मॅटची वायर बाहेर काढण्यासाठी पाडलेले भोक, झाकणाचा किंचित वाकलेला कोपरा या पळून जाण्याच्या नेहमीच्या वाटा. ज्या भोकातून पेन्सिल आत जाते त्यातून पिल्लू बाहेर येऊ शकते, असे धरून चालावे. भोकाला बारीक जाळी लावावी, काचांच्या फटीत प्लॅस्टिकची पट्टी बसवावी, आणि काचेला पाचरीसारखे किंवा किल्लीचे कुलूप असावे. जाळीचे झाकण असेल तर चारही बाजूंना क्लिपा हव्यात. झाकणावर जाडजूड पुस्तके ठेवण्याचा उपाय अनेक घरांत दिसतो. तो निरुपयोगी आहे, कारण साप रात्रभर नाकाने कडा ढकलत राहतो आणि सैल कोपरा त्याला कधीतरी सापडतोच. कुलपाची किल्ली मोठ्या माणसाकडे ठेवल्याने दुसरेही एक काम होते : मित्रमंडळी घरी आली की साप मोठ्यांना विचारल्याशिवाय बाहेर निघत नाही.

पेटी सजवण्यावर पैसे खर्च होतात, ऊब देण्यावर मात्र काटकसर होते. खर्चाचा क्रम याच्या उलट असायला हवा. साप स्वतःच्या शरीरात ऊब निर्माण करत नाही. तो ती भोवतालातून घेतो आणि नकोशी झाली की गारव्यात सरकतो. पेटीने त्याला ही ये-जा करू दिली पाहिजे. एका टोकाला ऊब घेण्याची जागा 29 ते 32 अंश सेल्सिअस आणि दुसरे टोक 21 ते 24 अंश, अशी विभागणी कॉर्न स्नेकला मानवते. पूर्ण पेटी 30 अंशांवर ठेवणे ही चूक आहे, कारण मग सापाला निवड राहत नाही. गारठाही तितकाच वाईट. पुरेशी ऊब नसेल तर गिळलेला उंदीर पचत नाही, पोटात सडतो आणि काही दिवसांनी साप तो ओकून टाकतो. पिल्लाला असे एकदा झाले की सावरायला वेळ लागतो.

ऊब देण्याचे साधे साधन म्हणजे हीट मॅट. काचेच्या टाकीच्या तळाचा सुमारे एक तृतीयांश भाग व्यापेल एवढी मॅट टाकीच्या बाहेरून, एका टोकाला लावतात. थर्मोस्टॅटशिवाय मॅट सुरू करू नये. मोकळी सोडलेली मॅट 40 अंशांच्याही वर जाऊ शकते. तापलेल्या जागेवरून साप लगेच उठून जाईल ही अपेक्षा फोल आहे. पोट भाजेपर्यंत तिथेच पडून राहिलेले साप पशुवैद्यांकडे नेहमी येतात. बाजारात मिळणारे तापणारे कृत्रिम दगड याच कारणाने टाळावेत. थर्मोस्टॅटचा सेन्सर मॅटच्या अगदी वर, आतल्या तळाला चिकटलेला असावा. तो हवेत लोंबत राहिला, तर तळ तापून गेला तरी हवा गारच असल्यामुळे यंत्र वीज चालूच ठेवते. आत अंथरलेला भुसा फार जाड झाला तर ऊब खालीच अडकते. मॅटच्या भागात तो एक-दोन सेंटीमीटरच असावा.

मोठ्या पेटीत वरून उष्णता देणारा हॅलोजन दिवा अधिक चांगला. त्याची उष्णता उन्हासारखी अंगात खोलवर जाते. त्याला मंद-तेज करणारा थर्मोस्टॅट लागतो आणि दिव्याभोवती जाळीचा पिंजराही लागतो, नाहीतर साप दिव्यालाच वेटोळे घालतो. रात्री पेटी 20 अंशांच्या आसपास गार झाली तरी चालते. लाल किंवा निळे ‘रात्रीचे’ दिवे लावू नयेत. सापाला रात्री अंधारच हवा. दिवसा सुमारे बारा तास उजेड पुरे. अतिनील किरणांचा दिवा कॉर्न स्नेकला अनिवार्य नाही, पण तो मिळाल्यास त्याच्या रक्तातले डी-3 जीवनसत्त्व वाढते असे 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. त्यामुळे मंद प्रकारचा दिवा लावण्याकडे आता कल आहे.

तापमान मोजायला काचेवर चिकटवायच्या पट्ट्या किंवा काट्यांच्या तबकड्या घेऊ नयेत. त्या काचेचे तापमान सांगतात, आणि तेही ढोबळ. तारेला सेन्सर असलेले दोन डिजिटल थर्मामीटर घ्यावेत, एक उबेच्या बाजूला आणि एक गार बाजूला. सकाळ-संध्याकाळ दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवण्याचे काम मुलाकडे द्यावे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ते सहज जमते, आणि हिवाळ्यात घर गारठले किंवा थर्मोस्टॅट बिघडला तर ते पहिल्यांदा या वहीतच दिसते.

तळाला अंथरण्यासाठी अ‍ॅस्पेन लाकडाचा कीस सर्वांत सोयीचा. साप त्यात बोगदे करतो आणि ते ढासळत नाहीत. देवदार आणि पाइनचा कीस मात्र नको; त्यांतल्या उग्र वासाच्या तेलांनी सापाच्या श्वासमार्गाला अपाय होतो.

आडोसे किमान दोन असावेत, एक उबेच्या बाजूला आणि एक गार बाजूला. एकच असला तर पिल्लू ऊब आणि सुरक्षितता यांतून एक निवडते आणि बहुधा सुरक्षितता निवडते. मग उबेची सगळी व्यवस्था वाया जाते. आडोसा ऐसपैस नसावा. वेटोळे घातलेल्या सापाचे अंग सर्व बाजूंना टेकले पाहिजे. विकतच्या प्लॅस्टिकच्या गुहा घ्यायलाच हव्यात असे नाही. बुटाचा लहान खोका, उलटी ठेवलेली कुंडी, रिकाम्या पेपर रोलची नळी, हे सगळे चालते. खराब झालेला पुठ्ठा फेकून देता येतो, हा त्याचा फायदाच. मधल्या मोकळ्या जागेत कापडी पानांच्या वेली टाकल्या की पिल्लू दिवसाही फिरू लागते.

पाण्याचे भांडे जड, न कलंडणारे आणि साप बुडी मारून बसू शकेल एवढे असावे. ते गार बाजूला ठेवावे आणि पाणी रोज बदलावे. हवेतला ओलावा 40 ते 60 टक्के पुरतो. शिकागो किंवा टोरांटोच्या हिवाळ्यात घर तापवणाऱ्या यंत्रांमुळे हवा फार कोरडी होते आणि कात तुकड्यातुकड्यांनी निघते. कधी शेपटीच्या टोकाला तिचे कडे राहते, कधी डोळ्यावरचा पारदर्शक खवला सुटत नाही. त्यावर उपाय म्हणजे झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा. त्याच्या बाजूला गुळगुळीत कडेचे भोक पाडून आत ओलसर स्फॅग्नम शेवाळ भरले की सापाला हवा तेव्हा ओलावा मिळतो. डोळे दुधाळ दिसू लागले की साप त्या डब्यात मुक्काम करतो. कात अखंड, मोज्यासारखी उलटी होऊन निघाली तर डब्याने काम केले.

पेटी घरात कुठे ठेवावी हे मुलाच्या वयावरही ठरते. सरपटणारे प्राणी निरोगी दिसत असतानाही त्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला जिवाणू पसरू शकतात. पाच वर्षांखालील मूल, वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेली व्यक्ती घरात असेल तर असे प्राणी ठेवू नयेत, असा अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राचा सल्ला आहे. थोरले भावंड दहा वर्षांचे आणि धाकटे दोन वर्षांचे असेल, तर धाकटे मोठे होईपर्यंत थांबणे हाच शहाणा निर्णय. धोका केवळ सापाचा नसतो. 2008-09 च्या सुमारास ब्रिटनमध्ये साल्मोनेलाची जी साथ पसरली तिचा माग गोठवलेल्या उंदरांपर्यंत लागला. गोठवल्याने हे जिवाणू मरत नाहीत. म्हणून उंदीर वितळवण्याचे भांडे, चिमटा आणि पाण्याचे भांडे स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नयेत. पेटीत हात घातल्यावर साबणाने हात धुणे, सापाला तोंडाजवळ न नेणे आणि त्याला हाताळताना काही न खाणे, हे नियम पहिल्या दिवसापासून हवेत.

स्वयंपाकघर सोडून, खिडकीच्या थेट उन्हापासून दूर, टीव्ही आणि स्पीकरच्या हादऱ्यांपासून लांब आणि मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला पेटी असावी. खिडकीतल्या उन्हात काचेची टाकी थोड्या वेळात जीवघेणी तापते; थर्मोस्टॅट मॅट बंद करू शकतो, ऊन नाही. टेबल डगमगते नसावे. मुलाच्या खोलीतच पेटी हवी असेल तर ती पलंगापासून दूर असावी आणि विजेच्या जोडण्या मोठ्यांनीच कराव्यात. पाणी बदलणे आणि विष्ठा दिसताच ती उचलायला मोठ्यांना सांगणे हा मुलाचा वाटा. जंतुनाशक वापरून पेटी धुणे हे मोठ्यांचे काम.

साप येण्याआधी किमान आठवडाभर पेटी रिकामी चालवावी. त्या दिवसांत दोन्ही टोकांचे आकडे स्थिर आहेत का, रात्री किती उतरतात, खोलीचा हीटर बंद झाल्यावर काय होते, ते वहीत दिसते. सेन्सर थोडा इकडे, मॅट थोडी तिकडे असे बदल याच काळात करून घ्यावेत. साप आल्यावर पहिले काही आठवडे भुसा न घालता साधा टिश्यू पेपर अंथरावा. पांढऱ्या कागदावर काळे ठिपके चालताना दिसले तर त्या गोचिडांसारख्या रक्त शोषणाऱ्या माइट असतात आणि पशुवैद्याला दाखवणे आले. विष्ठा कशी आहे हेही कागदावर लगेच कळते. पहिले पाच ते सात दिवस मुलाने सापाला हात लावू नये, फक्त पाणी बदलावे. त्यानंतर नवजात उंदराचे पिल्लू, गोठवलेले आणि पूर्ण वितळवलेले, चिमट्याने द्यावे. ते गिळल्यावर आणखी 48 तास हाताळणे नको. दोन-तीन जेवणे न ओकता पचली, विष्ठा नीट झाली आणि कागदावर काही चालताना दिसले नाही, की टिश्यू काढून अ‍ॅस्पेनचा कीस भरावा आणि फांदी, वेली जागेवर लावाव्यात.