कवितेची किल्ली टीकेत सापडते

गेल्या वर्षावासात जव्हारला ग्रंथवाचन आटोपल्यावर मोखाड्याहून आलेल्या बारावीच्या एका मुलीने मला विचारले, "काका, भीमगीत ऐकले की लगेच मनाला भिडते. मग यशवंत मनोहरांची कविता एवढी अवघड का? आणि ते एवढे चिडलेले का?"

प्रश्न रास्त होता. 'उत्थानगुंफा' पहिल्यांदा हाती घेतली तेव्हा माझीही हीच गत झाली होती. हा संग्रह १९७७ सालचा. पाठोपाठ १९७८ मध्ये 'दलित साहित्य : सिद्धांत आणि स्वरूप' हा त्यांचा टीकाग्रंथ आला. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली, तेव्हा कुठे कविता उलगडू लागली.

टीकाकार मनोहरांच्या म्हणण्याचा मला समजलेला भावार्थ असा : नुसते दुःख मांडून भागत नाही, ते कोणी लादले हे ओळखणारी दृष्टी हवी. ती बाबासाहेबांच्या विचारातून येते. देव, आत्मा, पूर्वजन्म, नशीब यांना तिथे थारा नाही. म्हणूनच पुढे त्यांनी 'आंबेडकरवादी साहित्य' या नावाचा आग्रह धरला.

मी त्या मुलीला आपल्याच भागातले उदाहरण दिले. १९९२ साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीची आदिवासी बालके कुपोषणाने दगावली. त्याला 'देवाची मर्जी' म्हणून रडणारी कविता एक आणि धान्य, दवाखाना, रस्ता का पोहोचला नाही असे विचारणारी कविता दुसरी. मनोहरांची कविता दुसऱ्या जातीची. तिचा राग हा हिशेब मागणाऱ्याचा राग आहे. 'गुंफा' म्हटले की मला आपली लेणी आठवतात. पण त्यापुढे 'उत्थान' आहे, म्हणजे तिथून उठून बाहेर यायचे आहे.

लिहिले तसे ते वागलेही. जानेवारी २०२१ मध्ये विदर्भ साहित्य संघाचा जीवनव्रती पुरस्कार त्यांनी नाकारला, कारण मंचावर सरस्वतीची प्रतिमा असणार होती. सावित्रीबाईंची प्रतिमा किंवा संविधान का नको, हा त्यांचा सवाल होता. तो वाचला आणि त्यांच्या कवितेतला नकार मला नव्याने कळला.

एक तक्रार मात्र आहे. सरांची टीका जडशीळ शब्दांनी भरलेली असते. आमच्यासारख्या कारकुनाला एक पान दोनदा वाचावे लागते. कधी कधी कवितेतही टीकाकारच बोलतो आहे असे वाटते.

मुलीने दोन्ही पुस्तके मागून घेतली आणि मोखाड्याची शेवटची एसटी गाठली. पुढच्या पौर्णिमेला आली तेव्हा टीकाग्रंथात ठिकठिकाणी बसची तिकिटे खुणेला घातलेली होती. म्हणाली, "काका, हे आणखी महिनाभर राहू द्या."