मुख्याध्यापकांच्या राउंडने मुले शिकत नाहीत

शाळा कशी आहे, हे पालक अजूनही एकाच प्रश्नावर ठरवतात: हेडमास्तर कडक आहेत का? नाशिक शहरातली मोठ्या संस्थेची शाळा असो की पेठ-सुरगाण्यातली दोन खोल्यांची जिल्हा परिषद शाळा, मुख्याध्यापक म्हटले की व्हरांड्यातून चकरा मारणारा, घंटेवर आणि हजेरीपटावर नजर ठेवणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. शिस्त हवीच. पण मुख्याध्यापकामुळे मुले जास्त शिकतात ती नेमकी कशामुळे, यावर गेली काही दशके जगभर संशोधन झाले आहे आणि त्यातून निघालेले चित्र बरेच वेगळे आहे. नेहमी ऐकू येणारे काही समज त्याच्याशी ताडून पाहू.

‘शिकवतात शिक्षक. मुख्याध्यापक कोणीही असला तरी चालतो.’

हे अर्धे खरे आहे. शाळेच्या हातात असलेल्या गोष्टींपैकी मुलांवर सर्वांत जास्त परिणाम वर्गातल्या शिकवण्याचा होतो. केनेथ लीथवूड आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा त्याखालोखाल क्रमांक लागला तो शाळेच्या नेतृत्वाचा. अमेरिकेतल्या २०२१ च्या आणखी एका आढाव्यानुसार, सुमार मुख्याध्यापकाच्या जागी चांगला मुख्याध्यापक आला तर मुलांच्या वर्षभराच्या शिकण्यात जवळपास तीन महिन्यांची भर पडते. चांगल्या शिक्षकाचा फायदा त्याच्या वर्गाला होतो, चांगल्या मुख्याध्यापकाचा अख्ख्या शाळेला.

‘रोज वर्गावर राउंड मारला की शिक्षक आणि मुले दोन्ही जागेवर राहतात.’

जागेवर राहतात, हे मान्य. शिकतात का, हा प्रश्न वेगळा. मायामीतल्या सुमारे शंभर शाळांत संशोधकांनी मुख्याध्यापकांच्या मागे दिवसभर फिरून ते काय करतात याची नोंद केली आणि ती मुलांच्या प्रगतीशी ताडून पाहिली. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिक्षकाला मार्गदर्शन करण्यात जिथे वेळ गेला, तिथे मुलांची प्रगती अधिक दिसली. नुसत्या धावत्या वर्गभेटींत वेळ गेला तिथे फायदा दिसला नाही, उलट परिणाम काहीसा उणा होता. भेटीनंतर शिक्षकाच्या हाती काहीच पडले नाही, तर तिची पाहणी होते, मदत होत नाही.

आपल्याकडची शेरेबही उघडून पाहा. ‘पाठ पाहिला. अध्यापन समाधानकारक. फलकलेखनात सुधारणा अपेक्षित.’ या तीन वाक्यांनी एकाही मुलाची वजाबाकी सुधारलेली नाही.

मग काय सुधारते? समजा, तिसरीच्या मुलांना ४०२ मधून १७८ वजा करायला दिले. उत्तर २२४. पण अर्ध्या वर्गाने ३७६ लिहिले. घाईतला शिक्षक लाल फुली मारून पुढे जातो. मुख्याध्यापक त्या वह्या घेऊन शिक्षकाशेजारी बसले, तर दहा मिनिटांत लक्षात येते की मुले हातचा घ्यायला विसरलेली नाहीत. ती प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढत आहेत: आठातून दोन, सातातून शून्य, चारातून एक. म्हणजे दोष आळसाचा नाही. शतक सोडून दहा दशके करता येतात, ही गोष्टच मुलांच्या मनात उतरलेली नाही. मग तीच गणिते पुन्हा वीसदा लिहायला लावण्यात अर्थ नाही. काड्यांचे गठ्ठे हातात द्यायचे, शंभराचा गठ्ठा सोडायला लावायचा आणि आठ दिवसांनी तसेच एक गणित देऊन किती जणांना जमले ते पुन्हा दोघांनी बसून पाहायचे. मुख्याध्यापकाचे शैक्षणिक नेतृत्व म्हणतात ते एवढेच, आणि ते केबिनमध्ये बसून होत नाही.

व्हिवियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अशा अभ्यासांचे आकडे एकत्र केले. शिकवण्या-शिकण्यावर थेट लक्ष ठेवणाऱ्या नेतृत्वाचा मुलांवरचा परिणाम नुसत्या प्रेरणा देणाऱ्या, ध्येयवादी नेतृत्वापेक्षा तिपटी-चौपटीने मोठा निघाला. त्यातही सर्वांत जास्त परिणाम एका गोष्टीचा होता: शिक्षकांच्या शिकण्यात मुख्याध्यापकाने स्वतः भाग घेणे. प्रशिक्षणाला शिक्षक पाठवून आपण कार्यालयात थांबणे यात बसत नाही.

‘आमच्या शाळेला मुख्याध्यापकाचे पदच नाही, मग नेतृत्व कोण करणार?’

डोंगरी तालुक्यांत ही तक्रार खरी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक मिळतात आणि स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो पट दीडशेच्या वर गेल्यावर. त्यामुळे द्विशिक्षकी शाळेत दोघांपैकी एकाकडे चार्ज असतो. तोच शिकवतो, तोच पोषण आहाराचा हिशेब ठेवतो, तोच ऑनलाइन माहिती भरतो.

पण वह्या घेऊन बसायला पद लागत नाही, दोन माणसे लागतात. दिवाळीनंतर सुरगाणा-पेठकडची कुटुंबे द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात. कोणती मुले जाणार, जाण्याआधी त्यांचे काय पक्के करून घ्यायचे, परतल्यावर त्यांना वर्गात कुठून सुरू करायचे, हे दोन शिक्षकांनी आधी ठरवणे हेही नेतृत्वच. घरी कोकणा बोलणारे पहिलीतले मूल पुस्तकातल्या मराठीपाशी अडखळते, तेव्हा त्याला मंद ठरवायचे की त्याच्या भाषेतून पूल बांधायचा, हा निर्णयसुद्धा शाळेने मिळून घ्यायचा असतो.

शिवाय एकट्या पडलेल्या शाळांसाठी व्यवस्था आहेच. शेजारच्या शाळांनी एकमेकींना हात द्यावा, ही शाळा संकुलाची कल्पना कोठारी आयोगाने १९६६ मध्ये मांडली. आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये केंद्रप्रमुखांची ४,८६० पदे निर्माण केली, ती शाळांना जवळचा शैक्षणिक आधार मिळावा म्हणून. केंद्रातल्या शाळांची शिक्षण परिषद ही त्यासाठी उत्तम जागा आहे. तिथे परिपत्रके वाचून दाखवली जात असतील, तर तो दोष कल्पनेचा नाही.

‘आराखडा तयार आहे, श्रेणी चांगली आहे, म्हणजे शाळा सुधारली.’

मध्य प्रदेशात शाळांचे मूल्यमापन आणि त्यावरून सुधारणेचा आराखडा, असा मोठा कार्यक्रम राबवला गेला. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजित सिंग यांनी त्याची शास्त्रशुद्ध तपासणी केली. मूल्यमापने झाली होती, आराखडेही लिहिले गेले होते. वर्गातल्या शिकवण्यात किंवा मुलांच्या गुणांत मात्र फरक आढळला नाही. आपल्याकडे शाळासिद्धी या अशाच मूल्यमापनाच्या फायली भरणाऱ्यांनी हा अभ्यास जरूर वाचावा.

‘असे एखाद्या झपाटलेल्या माणसालाच जमते.’

त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हिवाळीची जिल्हा परिषद शाळा वर्षाचे ३६५ दिवस चालते म्हणून गाजली. शिक्षक केशव गावित यांच्या कष्टांचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण दोन्ही हातांनी लिहिणारी मुले पाहून परतणारा पाहुणा ‘आपल्याला हे जमणार नाही’ असे म्हणून सुटका करून घेतो, त्याचे काय? साताऱ्यातल्या कुमठे बीटचे उदाहरण मला म्हणूनच जास्त महत्त्वाचे वाटते. तिथे विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी एका नव्हे, बीटमधल्या चाळीसेक शाळांच्या शिक्षकांबरोबर काम केले. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. २२ जून २०१५ चा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय त्याच काळातला. मात्र परतताना अनेकांनी रंगवलेल्या फरश्या आणि तळफळे नेले. शिक्षकांशी सतत चाललेला संवाद मागेच राहिला. रंग एका सुटीत देऊन होतो.

‘सर्वांत ज्येष्ठ शिक्षक झाला की मुख्याध्यापक होतोच.’

खासगी शाळांच्या १९८१ च्या नियमावलीत सेवाज्येष्ठतेला मोठे वजन आहे. त्याने वाद टळतात, कौशल्य येत नाही. नाशिकच्याच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका राज्यभरातल्या शिक्षकांनी केली, ती याच पदावर डोळा ठेवून. पदविकेने व्यवस्थापन कळते, पण ३७६ का आले हे वह्यांतच शोधावे लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्याध्यापकांसाठीही वर्षाला ५० तासांचे शिक्षण सुचवले आहे.

राहता राहिले वेळेचे. मुख्याध्यापकाला वेळ नसतो, हा गैरसमज नाही. मायामीतलेही मुख्याध्यापक शिकवण्याशी संबंधित कामांना जेमतेम आठवा हिस्सा वेळ देत होते, आणि त्यांच्याकडे पोषण आहाराचे तांदूळ मोजायचे नव्हते. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामांना मनाई करते, पण कागदांचा ढीग त्या कलमात मावत नाही. तो वरच्या कार्यालयांनीच कमी करायला हवा.

तोवर पालकांच्या हातात एक गोष्ट आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत रंगरंगोटी आणि कुंपणाचे विषय उरकले की एवढेच विचारा: तिसरीतल्या किती मुलांना अजून परिच्छेद वाचता येत नाही, आणि त्यांच्यासाठी शिक्षकांनी मिळून काय ठरवले आहे?