सँट्रो टिकली, मॅटिझ गेली: गाडीचं ‘नाव’ मोजायचं कसं?



पीएच.डी.च्या पात्रता परीक्षेची तयारी करणाऱ्यांकडून एक प्रश्न सारखा येतो: ‘सर, विषय केवढा मोठा पाहिजे?’ एक तर मी अजून सर नाही. दुसरं म्हणजे विषय परतवाड्याच्या एखाद्या गॅरेजसमोर उभ्या असलेल्या जुन्या गाडीएवढा असला तरी पुरतो. अडचण बहुतेक वेळा विषयाच्या आकाराची नसतेच. त्यातला एखादा नेहमीचा शब्द आपण न तपासता वापरतो आणि सगळा आराखडा तिथं अडकतो. आज असा एक शब्द घेऊ: ‘नाव’. म्हणजे ‘त्या कंपनीचं नाव चांगलं आहे’ यातलं नाव. उदाहरण स्वस्त कोरियन गाड्यांचं.

अचलपूर-परतवाड्याकडे कुणी दीड-दोन लाखांत सेकंडहँड गाडी घ्यायला निघालं की सल्ले काही कमी पडत नाहीत. ‘सँट्रो घ्या भाऊ, डोये झाकून.’ ‘कोरियन गाडीचा पत्रा लय पातया रायते.’ ‘मॅटिझ फुकट भेटली तरी घेऊ नका, पार्टच भेटत नाई.’ तिन्ही वाक्यं सारख्याच ठामपणे बोलली जातात. पण नीट बघा, पहिलं वाक्य इंजिनाच्या टिकाऊपणाबद्दल आहे, दुसरं अपघातातल्या सुरक्षेबद्दल, आणि तिसरं गाडीबद्दल नाहीच, ते कंपनी जिवंत आहे की नाही याबद्दल आहे. ज्याचे संत्र्याच्या एका बहाराचे पैसे या व्यवहारात जाणार आहेत, त्याला हा फरक कळायला हवा. सिनॉप्सिस लिहिणाऱ्याला तर हवाच हवा.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय तुलना करता येणार नाही.

ह्युंदाई मोटर ही कंपनी १९६७ सालची, संस्थापक चुंग जू-युंग. १९७५ मध्ये ‘पोनी’ आली. कोरियाची स्वतःची म्हणून ओळखली गेलेली ही पहिली मोठ्या उत्पादनाची गाडी, आणि तिचं डिझाइन मात्र इटलीच्या जुजारोचं. १९८६ मध्ये ‘एक्सेल’ घेऊन ह्युंदाई अमेरिकेत उतरली. किंमत ५ हजार डॉलरच्या किंचित आत. पहिल्याच वर्षी दीड लाखावर गाड्या खपल्या. मग त्या गाड्या जुन्या होऊ लागल्या, तक्रारी वाढल्या, आणि ह्युंदाई हा अमेरिकेत टीव्हीवरच्या विनोदाचा विषय झाला. स्वस्तात विकून नाव झालं आणि स्वस्तातल्या दर्जामुळेच गेलं.

हे नाव परत कसं आलं तो भाग संशोधनाच्या दृष्टीनं जास्त महत्त्वाचा आहे. १९९८ च्या अखेरीस कंपनीनं अमेरिकेत इंजिन आणि गिअरबॉक्सवर १० वर्षं किंवा १ लाख मैलांची हमी जाहीर केली. ही नुसती जाहिरात का नव्हती? कारण वाईट गाडी बनवणाऱ्याला एवढी लांब हमी परवडत नाही, दुरुस्तीतच तो बुडेल. जे करणं खोटं बोलणाऱ्याला महाग पडतं, त्यावर ऐकणारा विश्वास ठेवू शकतो. अर्थशास्त्रात याला ‘संकेत’ म्हणतात. २००४ च्या जे. डी. पॉवरच्या सुरुवातीच्या दर्जाच्या पाहणीत ह्युंदाई चक्क टोयोटाच्या पुढे गेली.

इथं थांबा आणि विचारा: ‘सुरुवातीचा दर्जा’ म्हणजे काय? तर नवी गाडी घेतल्यावर पहिल्या ९० दिवसांत मालकानं सांगितलेल्या अडचणी. त्याच संस्थेची टिकाऊपणाची वेगळी पाहणी असते, ती त्या काळी ३ वर्षांच्या गाड्यांवर व्हायची. म्हणजे २००४ ची टिकाऊपणाची पाहणी २००१ च्या गाड्यांबद्दल बोलत होती. आणि गावातलं मत? ते १०-१२ वर्षांच्या गाड्यांवरून बनतं. आज तुम्ही लोकांना एखाद्या कंपनीबद्दल विचारलं, तर उत्तर बऱ्याच अंशी दशकभरापूर्वीच्या कारखान्याबद्दल मिळतं. प्रश्नावली वाटण्याआधी हे डोक्यात असू द्या.

आता भारत. ह्युंदाईची भारतीय कंपनी १९९६ मध्ये स्थापन झाली, कारखाना चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर भागात. सप्टेंबर १९९८ मध्ये सँट्रो बाजारात आली. त्याच वर्षीच्या अखेरच्या महिन्यांत दुसऱ्या कोरियन कंपनीची, देवूची, मॅटिझ आली. दोन्ही छोट्या, दोन्हींत पेट्रोल इंजेक्शनचं इंजिन, तेव्हाच्या कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० पेक्षा एक पिढी पुढचं. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरात धुराचे कडक निकष लवकर लागू करायला लावले, तेव्हा अशा इंजिनांचा फायदा आणखी दिसला. सँट्रोचं ९९९ सीसी, चार सिलिंडर. मॅटिझचं ७९६ सीसी, तीन सिलिंडर. सँट्रोच्या उंच ठेवणीला लोक सुरुवातीला हसले, पण नऊवारीतल्या आजीला न वाकता बसता येतं हे कळल्यावर हसू थांबलं असावं (हे माझं अनुमान, याला आकडा नाही). ‘ह्युंदाई’ हे नाव उच्चारायचं कसं इथपासून सुरुवात होती, म्हणून जाहिरातीत शाहरुख खान आणला. कंपनीचा माणूस त्याला पटवतोय आणि तो शंका काढतोय, अशी ती मालिका होती. ग्राहकाच्या मनातली शंका जाहिरातीतच बोलून दाखवायची, ही युक्ती मला आजही हुशार वाटते.

देवूचं काय झालं? भारतात ती आधीच होती. उत्तर प्रदेशात सूरजपूरला कारखाना, १९९५ पासून सिएलो. मॅटिझचं डिझाइन तर पोनीवाल्या जुजारोच्याच कंपनीचं, आणि गाडी म्हणून तिची बऱ्यापैकी वाहवा होती. पण तिकडे सोलमध्ये देवू समूह १९९९ मध्ये कर्जाखाली कोसळला. संस्थापक किम वू-चूंग देश सोडून गेले. नोव्हेंबर २००० मध्ये देवू मोटर दिवाळखोर ठरली. २००२ मध्ये जनरल मोटर्सनं तिचा मोठा हिस्सा घेतला, पण भारतातला कारखाना त्या सौद्यात नव्हता. इकडच्या मॅटिझवाल्यांच्या गाडीत काही बिघडलं नव्हतं, बिघडली होती कंपनी. तरी रीसेलची किंमत गेलीच.

आता मुद्दा. एकाच देशाच्या, एकाच वर्षी आलेल्या, जवळपास एकाच वर्गातल्या दोन गाड्या, आणि नावाचा शेवट अगदी वेगळा. ‘कोरियन गाड्या अशाच’ या वाक्याला यापेक्षा चांगला उतारा कुठला? उत्पादनाच्या देशामुळे मत बदलतं, हा अभ्यास जुना आहे. रॉबर्ट स्कूलर यांनी १९६५ मध्ये मध्य अमेरिकेतल्या देशांच्या वस्तूंबद्दल तो मांडला, आणि त्यावर पुढे ढीगभर निबंध आले. पण ‘देश’ हा चल वापरताना तो नेमका कुठला देश ते लिहावं लागतं.

त्यासाठी तळेगावची गोष्ट ऐका, आपल्याच महाराष्ट्रातली आहे. २००७ मध्ये भारतात ‘शेवरोले स्पार्क’ आली. बिल्ला अमेरिकन, गाडी म्हणजे मॅटिझचीच पुढची पिढी. २००८ मध्ये जनरल मोटर्सचा पुण्याजवळचा तळेगावचा कारखाना सुरू झाला आणि स्पार्क तिथं बनू लागली. २०१० ची ‘बीट’ सुद्धा कोरियातल्या जीएम देवूमध्येच घडलेली. म्हणजे बिल्ला अमेरिकेचा, आराखडा कोरियाचा, हात मावळातल्या कामगारांचे. मग गाडी कुठली? जनरल मोटर्सनं २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली, तळेगावला निर्यातीसाठी चालू असलेलं उत्पादन २०२० च्या डिसेंबरात थांबलं. चिनी ग्रेट वॉल कंपनीचा सौदा झाला आणि फिसकटला. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईनं तो कारखाना घेण्याचा करार केला. दहा-बारा वर्षं कोरियन आराखड्याच्या गाड्या बनवणाऱ्या त्या जागेवर कोरियन नावाची पाटी तेव्हा कुठे लागली.

तुमच्यातला एखादा म्हणेल, मॅटिझ आणि स्पार्कच्या जुन्या किमतींची तुलना करू, देवू आणि शेवरोले या नावांचा फरक निघेल. कल्पना चांगली आहे, आणि तिचा खानदानी पूर्वज आहे. मेरी सुलिव्हन यांनी १९९८ मध्ये ‘जुळ्या’ गाड्यांचा अभ्यास छापला: जवळपास एकसारख्या, पण दोन वेगवेगळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या गाड्या. गाडी तीच असेल तर वापरलेल्या गाडीच्या किमतीतला फरक नावामुळे, असा तो तर्क. आपल्याकडे मात्र तो तसाच चिकटवता येत नाही. भारतातल्या स्पार्कचं इंजिन ९९५ सीसीचं चार सिलिंडरवालं होतं, मॅटिझचं लहान. वर्षं वेगळी, पिढी वेगळी. या जुळ्या नाहीत, फार तर मावसबहिणी. फरक निघेल, पण तो नावाचा, इंजिनाचा की वयाचा हे सांगता येणार नाही. व्हायव्हात पहिला प्रश्न हाच येईल.

सैद्धांतिक पायासाठी जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांचा १९७० चा निबंध जरूर वाचा. उदाहरणच सेकंडहँड गाड्यांचं आहे. विकणाऱ्याला गाडीची खोड माहीत, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सरासरी किंमत देतो. मग चांगली गाडीवाला म्हणतो, एवढ्यात कशाला विकू, आणि बाजारातून निघून जातो. उरतात जास्त करून खटारा. यावरचे उपाय म्हणून अ‍ॅकरलॉफ हमी आणि कंपनीचं नाव यांचाच उल्लेख करतात. थोडा दिलासा: हा निबंध छापून येण्याआधी तीन नियतकालिकांनी परत पाठवला होता. २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आता पहिल्या सल्ल्याकडे येऊ. ‘जुन्या सँट्रो अजून चिखलदऱ्याचा घाट चढतात, म्हणजे दणकट.’ यात वाचलेल्यांचा दोष आहे. दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वाल्ड यांनी परत आलेल्या विमानांच्या भोकांवरून हेच दाखवलं होतं: जी परतली नाहीत त्यांची भोकं कुणी मोजलीच नाहीत. रस्त्यावरची सँट्रो मोजताना भंगारात गेलेली दिसत नाही. शिवाय सँट्रो खपल्याच जास्त, म्हणून उरलेल्याही जास्त दिसणार.

आणि दुसरा सल्ला, पातळ पत्र्याचा? जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपनं भारतातल्या पाच गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या मॉडेलचे निकाल जाहीर केले. ह्युंदाई आय-१० ला शून्य तारे मिळाले. पण शून्यच ऑल्टो, नॅनो, फिगो आणि जर्मन पोलोलाही मिळाले. फक्त आय-१० चा आकडा वाचला तर ‘कोरियन पत्रा’ सिद्ध झाल्यासारखं वाटतं. पाचही वाचले की प्रश्न देशाकडून नियमांकडे सरकतो: तेव्हा एअरबॅग सक्तीच्याच नव्हत्या. २०२३ मध्ये ह्युंदाईच्याच व्हर्नाला पाच तारे मिळाले. उलटही होतं. इंजिनांतल्या दोषांमुळे गाड्या परत बोलवायला उशीर केला म्हणून अमेरिकेत २०२० मध्ये ह्युंदाई आणि किया यांच्यावर मिळून २१ कोटी डॉलरची दंडात्मक कारवाई ठरली, तेव्हा भारतात कियाची सेल्टॉस जोरात खपत होती. एकाच समूहाचं नाव एकाच वर्षी दोन देशांत दोन प्रकारचं. म्हणून ‘कोणाच्या मते, कशाबाबत, कधी’ हे तीन शब्दप्रयोग सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर आले पाहिजेत.

मग आपल्या भागात खरोखर काय मोजता येईल? मी असतो तर मतं विचारण्याआधी नोंदणीकडे गेलो असतो. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. १९९९ ते २००२ मध्ये अमरावतीच्या एमएच-२७ मालिकेत नोंदलेल्या सँट्रो आणि मॅटिझ घ्या. त्यातल्या किती टक्के गाड्यांचं पहिलं नूतनीकरण झालं, किती टक्क्यांचं दुसरं? टक्केवारी घेतल्यानं खप कमी-जास्त असल्याचा घोळ निघून जातो. ‘वाहन’च्या डॅशबोर्डवर कंपनीनिहाय, कार्यालयनिहाय नोंदणीचे आकडे दिसतात, पण एवढ्या तपशिलासाठी माहिती अधिकारात अर्ज करावा लागेल. मालकांची नावं मागू नका, गरजही नाही आणि मिळणारही नाहीत. अकोल्याच्या एमएच-३० मालिकेसाठी तोच अर्ज दुसऱ्यांदा टाका, पडताळा होईल.

एक खड्डा मात्र आधीच सांगून ठेवतो. नूतनीकरण झालं नाही याचा अर्थ गाडी मेली असा होत नाही. ती ना-हरकत घेऊन मध्य प्रदेशात विकली गेली असेल, किंवा कागद संपूनही आडरस्त्यानं शेतावर चालत असेल. दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्या गाड्या वेगळ्या काढा. त्यांचं तेवढंच आयुष्य आपल्याला दिसलं, पुढचं दिसलं नाही, असं धरून हिशोब करायची पद्धत संख्याशास्त्रात आहे. पुढच्या लेखात तीच घेऊ. तोवर अर्जाचा मसुदा लिहून ठेवा.