लष्करी अळीच्या पेशीतून फ्लूची लस

एप्रिल २००९ मध्ये मेक्सिको-अमेरिकेत नवा एच१एन१ विषाणू सापडला. ३ ऑगस्टला पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची नाकात फवारायची लस जुलै २०१० मध्ये बाजारात आली आणि १० ऑगस्टला जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक साथ संपल्याचं जाहीर केलं. लसीला सव्वा वर्ष लागलं, साथीला थांबायची सवय नव्हती.

विषाणू मात्र राहिला. २०१७ मध्ये देशात सुमारे ३८,८०० रुग्ण आणि २,२७० मृत्यू नोंदले गेले. महाराष्ट्रात ६,१४४ रुग्ण, ७७८ मृत्यू. रुग्णांत आपला वाटा सोळा टक्के, मृत्यूंत चौतीस! राज्याचा मृत्युदर बारा-तेरा टक्के निघतो, पण तो जपून वाचावा. घशाचा नमुना तपासणीला जातो तो बहुधा गंभीर रुग्णाचाच. जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात तीन दिवस ताप अंगावर काढून शेतात परतलेला माणूस या भागाकारात येतच नाही.

लसीच्या उशिराचं एक मोठं कारण कोंबडीची अंडी. फ्लूची बहुतेक लस आजही त्यांतच वाढते आणि विषाणू निवडल्यापासून सहाएक महिने जातात. २००९ मध्ये तर या विषाणूचं अंड्यातलं पीक सुरुवातीला नेहमीच्या निम्म्यावर आलं होतं.

रिकॉम्बिनंट प्रथिन लसीला अंडं लागत नाही, फ्लूचा विषाणूही वाढवावा लागत नाही. त्याच्या पृष्ठभागावरच्या हिमॅग्लुटिनिन प्रथिनाचा जनुक बॅक्युलोव्हायरस या कीटकांच्या विषाणूमध्ये घालायचा, त्याची लागण अळीच्या पेशींना करायची. पेशी प्रथिन बनवतात, ते शुद्ध करायचं. जनुकाचा क्रम हाती आला की दोनेक महिन्यांत पहिला साठा निघू शकतो, असा उत्पादकांचा दावा आहे. आता ती अळी कोणती? मका लावणारा खान्देशी शेतकरी जिला शिव्या घालतो, तीच अमेरिकन लष्करी अळी. भारतात ती २०१८ मध्ये दिसली. प्रयोगशाळेतल्या पेशी मात्र सत्तरच्या दशकात अमेरिकेत तिच्या कोषातून काढलेल्या. हरभऱ्यावरच्या घाटे अळीसाठी फवारतात तो एचएएनपीव्हीदेखील बॅक्युलोव्हायरसच्याच कुळातला.

अशी पहिली फ्लू लस, फ्लुब्लॉक, अमेरिकेत जानेवारी २०१३ मध्ये मंजूर झाली. तिच्यात प्रत्येक विषाणू-प्रकाराचं प्रथिन ४५ मायक्रोग्रॅम, अंड्यातल्या नेहमीच्या लसीत १५. पन्नाशीपुढच्या सुमारे नऊ हजार लोकांवरच्या चाचणीत, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, फ्लूची शक्यता नेहमीच्या लसीपेक्षा तीस टक्क्यांनी कमी भरली. श्रेय तंत्राचं की तिप्पट मात्रेचं, हे त्या चाचणीवरून वेगळं काढता येत नाही. जाहिरातीत हा प्रश्न सहसा येत नाही. आपल्याकडे अहमदाबादच्या कॅडिला फार्मास्युटिकल्सने अमेरिकेच्या नोव्हाव्हॅक्सबरोबर याच वाटेने एच१एन१ची लस बनवली.

नेहमीच्या वर्षात दोन महिन्यांच्या या वेगाचा चोपड्याला फारसा उपयोग नाही. दक्षिण गोलार्धासाठीचे विषाणू-प्रकार सप्टेंबरात जाहीर होतात, आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात चढतो. मधल्या आठ-नऊ महिन्यांत अंड्यातलीही लस तयार होते. मे महिन्यात ती गरोदर महिलेला, मधुमेही म्हाताऱ्याला मिळाली तर पुरे. अळीच्या पेशींची खरी गरज २००९सारख्या वर्षी, जेव्हा सप्टेंबरची यादी विषाणूला लागू नसते.