औरादचे पाणी आणि दूरचा समुद्र

१९५६ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या पहिल्या तारखेस त्या वेळच्या म्हैसूर राज्याला दोन गोष्टी एकाच वेळी लाभल्या. एक समुद्र आणि दुसरी बीदरचे पठार. जुन्या म्हैसूर राज्याला समुद्रकिनारा मुळीच नव्हता. भाषावार पुनर्रचनेच्या त्या दिवशी मुंबई राज्यातून उत्तर कानडा आणि मद्रास राज्यातून दक्षिण कानडा हे जिल्हे त्याला मिळाले आणि कारवारपासून मंगळुरापर्यंत सुमारे तीनशे किलोमीटरचा किनारा त्याच्या नकाशावर उमटला. त्याच दिवशी हैदराबाद राज्याचे विसर्जन होऊन बीदर जिल्ह्याचीही वाटणी झाली. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. जहिराबाद आणि नारायणखेडचा भाग आंध्राकडे गेला. बीदर, भालकी, हुमनाबाद आणि औराद यांचा मुलूख म्हैसूरला मिळाला. १९७३ साली या राज्याचे नाव कर्नाटक झाले.

अशा रीतीने औराद समुद्रकाठच्या राज्यात गेले. परंतु औरादहून कारवारचा समुद्र सरळ रेषेने मोजला तरी सुमारे पाचशे किलोमीटर दूर आहे. घरात मराठी व कचेरीत कानडी बोलणाऱ्या येथील माणसाला उदगीर आणि देगलूरचे बाजार जवळचे. मंगळूर त्याने बहुधा शाळेच्या भूगोलातच पाहिलेले असते. राज्याची हद्द माणसे आखतात. पाण्याची हद्द मात्र डोंगर आणि उतार ठरवतात, आणि या दोन हद्दी क्वचितच जुळतात. बीदर आणि औराद यांचा गेल्या सहाशे वर्षांचा इतिहास बराचसा या न जुळण्यातून घडला आहे.

नैर्ऋत्येकडून येणारे मोसमी वारे समुद्रावरून बाष्प घेऊन निघतात व सह्याद्रीवर आदळून वर चढतात. वर चढताना ते थंड होतात आणि आपला भार डोंगरमाथ्यावर व पश्चिम उतारावर टाकून मोकळे होतात. कर्नाटकातील आगुंबे येथे वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेच वारे बीदरच्या पठारावर पोहोचतात तेव्हा बरेच रिते झालेले असतात. येथे वर्षाला साडेआठशे ते नऊशे मिलिमीटर पाऊस होतो, आणि भाद्रपदातील त्याचा मोठा वाटा तर बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या वादळी पावसाचा असतो. आकडा पाहिला तर हा काही वाळवंटाचा पाऊस नव्हे. अडचण आहे ती त्याच्या लहरीपणाची. एका वर्षी तो तूर आणि उडीद शेतातच कुजवतो, तर दुसऱ्या वर्षी पेरलेले उगवूही देत नाही.

पडलेले पाणी जमिनीत किती राहते, हा पुढचा प्रश्न. येथे बीदर आणि औराद यांच्यात मोठा भेद आहे. बीदर शहर ज्या पठारावर वसले आहे ते जांभ्या दगडाचे आहे. कोकणातील माणसाला हा लाल, सच्छिद्र दगड ओळखीचा वाटेल, कारण रत्नागिरीकडील घरे याच दगडाची बांधतात. जांभा पावसाचे पाणी स्पंजासारखे शोषून घेतो. त्याच्या तळाशी काळ्या कातळाचा थर असतो. या थरातून पाणी सहसा खाली उतरत नाही. म्हणून जांभ्यातून झिरपलेले पाणी दोन थरांच्या सांध्यावरून सरकत जाते आणि पठाराच्या कडेला, जेथे हा सांधा उघडा पडतो, तेथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. बीदरच्या भोवतालची प्रसिद्ध तीर्थस्थाने या झऱ्यांपाशीच उभी आहेत. झरणी नरसिंहाच्या दर्शनाला भाविक गुहेतील पाण्यातून चालत जातात. पापनाशाच्या शिवमंदिराजवळ झऱ्याचे कुंड आहे. गुरुनानकांच्या चरणस्पर्शाने खडकातून गोडे पाणी फुटले अशी ज्या झऱ्याची कथा शीख समाज श्रद्धेने सांगतो, तो नानक झिराही याच पठाराच्या कडेला आहे. तीन परंपरांच्या भाविकांनी खडकातून येणाऱ्या त्याच पाण्यापुढे हात जोडले आहेत.

मांजरा नदी ओलांडून उत्तरेस औरादकडे वळले की माती काळी होते. येथे जांभ्याचे आच्छादन नाही. काळ्या कातळात पाणी साठते ते भेगांमध्ये आणि वरच्या मुरमाच्या थरात, आणि तेही थोडे. काळी माती ओल चांगली धरते, म्हणून ज्वारी, तूर, मूग आणि अलीकडच्या काळात सोयाबीन येथे पिकते. परंतु विहिरीला बारमाही पाणी लागेल याची हमी ही जमीन देत नाही.

बहमनी सुलतान अहमदशहा याने पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात गुलबर्गा सोडून बीदर येथे राजधानी नेली. कथा-आख्यायिका पुष्कळ आहेत, पण उंच पठार, निरोगी हवा आणि कडेला झरे ही कारणे राजाला पटण्यासारखी खरीच. मात्र झऱ्यावर तीर्थक्षेत्र चालते, राजधानी चालत नाही. तेथे सैन्य, हत्ती, घोडे, बागा व बाजार असतात आणि त्या सर्वांना रोज पाणी लागते. यावर जो उपाय झाला तो इराणातून आला. त्याला तिकडे कारेझ म्हणतात, आणि बीदरला लोक त्याला सुरंगबावी म्हणतात. भूगर्भातील पाण्याचा माग काढून एक मूळ विहीर खणावयाची, तेथपासून अतिशय मंद उताराचा बोगदा खणीत न्यावयाचा आणि ठरावीक अंतरावर वरून उभ्या विहिरी पाडावयाच्या. या विहिरींतून खोदलेली माती वर काढता येते, आत हवा खेळते आणि पुढे पाणीही शेंदता येते. मोट नको आणि बैलही नकोत. पाणी आपल्या वजनानेच वाहत शेवटच्या मुखाशी येते. इराणात ही योजना गाळाच्या जमिनीत करीत. बीदरच्या कारागिरांनी तीच जांभा आणि काळा कातळ यांच्या सांध्याला जुळवून घेतली. परक्या विद्येला अशी स्थानिक जोड देणे सोपे नसते. ज्यांनी ते साधले त्यांची नावे मात्र इतिहासाने राखली नाहीत.

नौबाद येथील कारेझ दोन किलोमीटरहून लांब आहे आणि तिच्यावर वीसहून अधिक उभ्या विहिरी आहेत. याखेरीज शुक्लतीर्थ व जमना मोरी अशा आणखी दोन कारेझ बीदरला आहेत. कालांतराने त्यांत गाळ भरला, काही विहिरी कचऱ्याने बुजल्या, आणि अनेकांना त्या केवळ जुन्या पडक्या विहिरी वाटू लागल्या. चालू शतकाच्या दुसऱ्या दशकात अभ्यासकांनी नौबादच्या कारेझचा माग काढला, गाळ उपसला गेला, आणि खाली पाणी होतेच.

इराणी विद्या बीदरला पोहोचली कशी, याचे उत्तर पुन्हा समुद्राकडे नेते. दख्खनच्या पठारावर चांगले घोडे निपजत नसत. ते अरबस्तान आणि इराणातून जहाजांनी दाभोळ, चौल व गोवा या बंदरांत उतरत, आणि त्याच जहाजांतून व्यापारी, विद्वान, कारागीर व शिपाईही येत. पुढे बहमनी राज्याचा वजीर झालेला महमूद गवान हा इराणातील गिलानचा. १४५३च्या सुमारास तो व्यापारी म्हणून दाभोळास उतरला आणि तेथून बीदरला आला. १४७२ साली त्यानेच बीदरच्या सत्तेसाठी गोवा काबीज केला, आणि त्याच वर्षी बीदरमध्ये त्याचा मदरसाही उभा राहिला. साधारण त्याच काळात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला, जुन्नरला पावसाळा काढून बीदरला पोहोचला आणि तेथे त्याने तो घोडा विकला. आळंदच्या मोठ्या घोडेबाजाराचेही वर्णन त्याने केले आहे. ते आळंद म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. समुद्रापासून इतक्या दूरच्या पठारावरील राजधानी समुद्राच्या वाटेवर अशी अवलंबून होती.

समुद्राने घोडे दिले, विद्या दिली, पण पाऊस दिला नाही. पंधराव्या शतकात या मुलुखाला भीषण दुष्काळांनी ग्रासले. महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक असलेली दामाजीपंतांची कथा त्याच आठवणीतून आलेली आहे. मंगळवेढ्याच्या या अधिकाऱ्याने बीदरच्या बादशहाची धान्याची कोठारे भुकेल्या लोकांसाठी खुली केली आणि प्रत्यक्ष विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन बीदरला जाऊन त्या धान्याचे पैसे भरले, असे परंपरा सांगते. भक्त त्यात देवाची कृपा पाहतात. त्याच कथेत एक राजकीय सत्यही आहे: भरलेले कोठार सरकारचे होते, आणि ते उघडण्यास एका माणसाला जिवावर उदार व्हावे लागले.

आज औरादचे दैव बांधले गेले आहे ते मांजरा नदीशी. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावून ती लातूरमार्गे येथे येते, पुढे तेलंगणात शिरते आणि तेथे उत्तरेकडे वळते. तिच्या वरच्या अंगाला धनेगावचे मांजरा धरण आहे, तर खालच्या अंगाला सिंगूर आणि निजामसागर. निजामसागर १९३१ साली पुरे झाले. त्या वेळी वरचा बीदर जिल्हा व खालचा निजामाबाद जिल्हा एकाच संस्थानात होते, तरी कालवे खालच्या सखल जमिनीलाच मिळाले. उंचावरच्या शेतकऱ्याने आपल्या शिवारातून वाहत गेलेले पाणी दुसऱ्याच्या उसात पाहावे, असा तो न्याय होता. भूगोलाच्या दृष्टीने तो चूक नव्हता, पण त्यामुळे मनातील सल काही कमी होत नाही. पुढे हीच नदी तीन राज्यांची झाली. गोदावरी खोऱ्यातील पाण्याच्या वाटणीसाठी १९६९ साली लवाद नेमला गेला आणि १९८० साली त्याचा निवाडा आला. बीदर जिल्ह्यासाठी मांजरेच्या कारंजा या उपनदीवर भालकी तालुक्यात धरण झाले. मात्र कारंजा ही मांजरेच्या दक्षिणेकडील नदी, आणि औराद आहे उत्तरेला.

धरण बांधले म्हणजे पाणी आले, असे मात्र नव्हे. २०१६ साली मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी पोहोचवावे लागले. १२ एप्रिलला पहिली गाडी आली. तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. हे पाणी कृष्णेचे, म्हणजे सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचे. नदीच्या मार्गाने जे पाणी मांजरेच्या खोऱ्यात कधीच येऊ शकत नाही, ते त्या उन्हाळ्यात रुळांवरून आले. लातूरच्या खाली, त्याच नदीकाठी, औरादच्या वाड्या-वस्त्यांची वाट मात्र कोणत्याही आगगाडीच्या वेळापत्रकात नव्हती. तेथे बायका घागरी घेऊन नेहमीच्याच आडाकडे जात राहिल्या.

औरादच्या शिवारात श्रावणात पडलेला पाऊस ओढ्यांतून मांजरेला मिळतो. पुढे सिंगूर आणि निजामसागर यांतून जे उरते ते कंदकुर्ती येथे गोदावरीत जाते आणि गोदावरीबरोबर आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात पडते. कर्नाटकाच्या समुद्राला त्यातला एक थेंबही मिळत नाही.